शिस्त कोणाला लावावयाची?

शिक्षणाच्या इतिहासांत कांहीं प्रश्न असे आहेत कीं, ते प्रत्येक पिढीला नव्यानेंच उद्भवल्यासारखे वाटतात. मुलांच्या शिस्तीचा प्रश्न त्यांपैकींच एक होय. मूल ऐकत नाहीं, एका जागीं बसत नाहीं, सांगितलेलें टाळतें आणि नको म्हटलेलें नेमकें करतें, ही तक्रार आजच्या घरांत जशी ऐकूं येते तशी ती दोनशें वर्षांपूर्वींच्या घरांतही ऐकूं येत असे. तक्रारीवरील उपाय मात्र काळाप्रमाणें पालटत गेला. एके काळीं तो उपाय एकच होता व तो पंतोजीच्या हातांत असे. पुढें त्या उपायाविषयीं शंका उत्पन्न झाली. आणि ती शंका घेणारीं माणसें प्रथम युरोपांत, मग काठेवाडांत आणि शेवटीं ठाणें जिल्ह्याच्या समुद्रकांठीं निपजलीं. त्यांनीं छडी बाजूला ठेवली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. परंतु छडीच्या जागीं त्यांनीं काय ठेवलें, याचा विचार फारसा होत नाहीं. छडी टाकणें सोपें असतें. तिची जागा भरून काढणें कठीण असतें.

जुन्या मराठी शाळेचें चित्र डोळ्यांपुढें आणणें अवघड नाहीं. गांवांतील एखाद्या सधन गृहस्थाची ओसरी, देवळाचा सभामंडप, नाहीं तर पंतोजीचें स्वतःचें घर, हीच शाळेची इमारत असे. मूल प्रथम धूळपाटीवर अक्षर गिरवी. हात बसला म्हणजे बोरू हातीं येई आणि मोडीचें वळण सुरू होई. पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी पाठ करावी लागे. सायंकाळीं सारीं मुलें एका सुरांत परवचा म्हणत. पंतोजीला रोख पैसा थोडा आणि धान्य किंवा शिधा अधिक मिळे. इतक्या तुटपुंज्या साधनांत ही शाळा व्यवहाराला लागणारें शिक्षण देत असे, आणि तिच्यांतून बाहेर पडलेला मुलगा अपूर्णांकांचा हिशेब तोंडीं करीत असे, हें विसरून चालणार नाहीं.

परंतु या शाळेचा सारा कारभार धाकावर चाले. छडी ही तर नित्याचीच गोष्ट. तिच्याखेरीज कान पिळणें, अंगठे धरून उभें करणें, फारच व्रात्य ठरलेल्या मुलाला हात बांधून टांगणें, असे प्रकार त्या काळच्या आठवणींतून वारंवार भेटतात. गैरहजर मुलाला आणावयास थोरलीं मुलें धाडलीं जात व तीं त्याला उचलून घेऊन येत. याला क्रौर्य असें कोणी म्हणत नसे. मुलाला शाळेंत घालतांना बापच पंतोजीला मारण्याची मोकळीक देई. विद्या ही स्वभावतःच कडू आहे, तेव्हां ती गळ्याखालीं उतरविण्यासाठीं थोडें बळ लावावेंच लागणार, अशी त्या पिढीची प्रामाणिक समजूत होती.

असें असलें तरी त्या शाळेंत एक मोलाची गोष्ट होती. थोरला विद्यार्थी धाकट्याला शिकवीत असे. पंतोजी एकटा, मुलें निरनिराळ्या वयांचीं आणि इयत्ता अशा नाहींतच. तेव्हां ज्याला अक्षर आलें त्यानें तें दुसऱ्याला दाखवावें, ज्याचा पाढा पाठ झाला त्यानें तो इतरांकडून म्हणवून घ्यावा, अशी रीत आपोआप पडली होती. दक्षिण हिंदुस्थानांतील देशी शाळांतही असेंच चाले. मद्रास येथील लष्करी अनाथाश्रमाचे प्रमुख डॉ. अँड्र्यू बेल यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील देशी शाळेंतील मुलें वाळूंत अक्षरें काढतांना पाहिलीं. वाळूंतील लेखन आणि मुलानेंच मुलाला शिकविण्याची रीत त्यांनीं आपल्या आश्रमांत सुरू केली व १७९७ सालीं लंडनमध्यें तिचा वृत्तांत छापला. ‘मद्रास पद्धति’ या नांवानें ती इंग्लंडांत गाजली.

तेथें मात्र तिचें रूप पालटलें. एका शिक्षकाच्या हाताखालीं शेंकडों मुलें बसवावयाचीं, त्यांवर विद्यार्थीच नायक नेमावयाचे, आणि घंटेवर व हुकुमावर सर्वांनीं एकदम उठावयाचें व एकदम बसावयाचें, असा तो गिरणीसारखा कारखाना झाला. देशी शाळेंत थोरल्याचें धाकट्याला शिकविणें म्हणजे घरांत थोरल्या बहिणीनें धाकट्या भावाला हात धरून चालविण्यासारखें होतें. इंग्लंडांतील नायक हा मुख्यतः पहारेकरी झाला. मुलाला कामांत वांटा दिला, एवढ्यानें तें काम मुलाचें होत नाहीं. त्या वांट्यांत त्याची इच्छा कितपत आहे, हें पाहावें लागतें.

इंग्रजी अमदानींत सरकारी शाळा निघाल्या, बाकें आलीं, इयत्ता पडल्या, छापील पुस्तकें हातीं आलीं. छडी मात्र होती तेथेंच राहिली. किंबहुना तिला एक नवें कारण मिळालें. १८६० नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्यांत परीक्षेच्या निकालावर शाळांना अनुदान देण्याची पद्धत आली. तपासनीस येणार, मुलांची परीक्षा घेणार, आणि जितकीं मुलें उत्तीर्ण होतील त्या मानानें शाळेला पैसा मिळणार! शिक्षकाच्या मनांतील साहेबांचें भय मुलाच्या मनांत उतरावयास मग वेळ तो किती? पंतोजी निदान आपल्या मनाचा धनी होता; नव्या मास्तराच्या डोक्यावर दुसरीच एक छडी लटकत होती. मुलांच्या शिस्तीचा विचार करतांना मोठ्यांच्या भयाचाही विचार करावा लागतो, तो यासाठीं.

याच शतकांत युरोपांत एक निराळा विचार मूळ धरीत होता. स्वित्झर्लंडांत पेस्टालॉझी यांनीं अनाथ व गरीब मुलांना जवळ करून, प्रेमानें व प्रत्यक्ष वस्तूंच्या साहाय्यानें शिकविण्याचा प्रयत्न केला होता. त्यांच्या सहवासांत राहून गेलेल्या फ्रोबेल या जर्मन शिक्षकानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग या गांवीं लहान मुलांसाठीं एक संस्था काढली व १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान असें नांव दिलें. लोकरीचा चेंडू, लांकडी गोल, घन, दंडगोल अशा साध्या वस्तू, गाणीं, फेर धरून खेळावयाचे खेळ आणि प्रत्येक मुलाचा लहानसा वाफा, हें त्यांचें साहित्य. खेळ हा मुलाचा रिकामपणाचा उद्योग नसून त्याच्या अंतरंगाची वाढ खेळांतूनच प्रकट होते, हें त्यांचें प्रतिपादन होतें.

एवढ्या निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टीला राज्यकर्ते भ्याले, हें आज खरें वाटत नाहीं. परंतु १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें बालोद्यानांवर बंदी घातली. त्यांतून नास्तिक व बंडखोर मतें पसरतात, असा संशय सरकारला होता. दुसऱ्याच वर्षीं फ्रोबेल वारले. बंदी उठली ती १८६० सालीं. चेंडू आणि ठोकळे यांना भिणारें सरकार हास्यास्पद दिसतें खरें; तथापि त्याच्या भीतींत थोडें तथ्य होतें. जें मूल स्वतः निवड करावयास शिकलें तें पुढें केवळ हुकूम झाला म्हणून मान डोलावीलच, याची खात्री कोणी द्यावी?

शिस्तीच्या प्रश्नाला खरी कलाटणी मिळाली ती रोम शहरांतील एका चाळींत. डॉ. मारिया माँटेसरी या मूळच्या वैद्य. १८९६ सालीं त्यांनीं वैद्यकाची पदवी घेतली आणि पुढें मंदबुद्धि मुलांच्या शिक्षणांत लक्ष घातलें. सान लोरेन्झो हा रोममधील कामकऱ्यांचा गरीब भाग. तेथील चाळी दुरुस्त करून भाड्यानें देणाऱ्या मंडळीपुढें एक अडचण उभी राहिली. आईबाप दिवसभर कामावर जात आणि शाळेच्या वयाला न पोंचलेलीं मुलें जिन्याजिन्यांतून धुडगूस घालून भिंती खराब करीत. तीं मुलें एका खोलींत कोणी तरी सांभाळावीं म्हणून ६ जानेवारी १९०७ रोजीं तेथें बालगृह उघडलें गेलें आणि त्याची देखरेख माँटेसरीबाईंकडे आली. भिंतींचा रंग वांचविण्यासाठीं निघालेली ही शाळा पुढें जगभर गेली.

तेथें त्यांनीं जें पाहिलें त्याचें वर्णन त्यांनीं स्वतःच केलें आहे. एक तीनेक वर्षांची मुलगी लांकडी ठोकळ्याच्या खळग्यांत लहानमोठे दट्टे बसवीत होती. बसवून झाले कीं काढी आणि पुन्हां बसवी. बाईंनीं इतर मुलांना तिच्याभोंवतीं गाणीं म्हणावयास लावलें, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलें. परंतु तिचें चित्त ढळलें नाहीं. चाळीसांहून अधिक वेळां तोच उद्योग केल्यावर ती आपण होऊन थांबली आणि झोपेंतून उठल्यासारख्या प्रसन्न मुद्रेनें इकडे तिकडे पाहूं लागली. तिला कोणी बसविलें नव्हतें, कोणी थांबविलें नव्हतें. जी एकाग्रता छडीनें कधीं आणतां आली नव्हती, ती येथें आपोआप प्रकट झाली होती.

दुसरी गोष्ट बक्षिसाची. शाळेच्या आरंभीं हुषार मुलाला गळ्यांत घालावयास एक पदक देत व खोडकर मुलाला शिक्षा म्हणून सर्वांदेखत खुर्चींत बसवून ठेवीत. एकदां पदक मिळालेला मुलगा आपल्या उद्योगांत इकडून तिकडे जात असतां तें पदक खालीं पडलें. खुर्चींतल्या मुलानें तें उचललें, आणि मालकाची त्याला कांहींच हरकत नाहीं असें पाहून तें आपल्या अंगावर लावून तो समाधानानें बसून राहिला. ज्याच्या हाताला काम होतें त्याला पदक नको होतें; तें गोड लागलें तें रिकाम्या बसलेल्याला! बक्षीस आणि शिक्षा हीं दोन्हीं एकाच दुकानचीं नाणीं आहेत, असा बोध माँटेसरीबाईंनीं त्यावरून घेतला.

त्यांचा शांततेचा खेळही प्रसिद्ध आहे. एके दिवशीं त्या चार महिन्यांचें एक तान्हें मूल घेऊन वर्गांत आल्या आणि हें किती स्तब्ध आहे, याचा श्वास किती हळू चालतो, असें त्यांनीं मुलांना दाखविलें. मुलें त्या बाळाप्रमाणें स्थिर होऊं लागलीं. खोलींत इतकी शांतता पसरली कीं, एरवीं न ऐकूं येणारे बारीक आवाज ऐकूं येऊं लागले. ‘गप्प बसा’ या आज्ञेनें मिळणारी शांतता आणि ही शांतता यांत अंतर आहे. पहिली मुलाच्या तोंडावर बसविलेलें झांकण असतें. दुसऱ्या शांततेंत मूल स्वतः सहभागी झालेलें असतें.

या नव्या पद्धतींत शिस्तीचा खरा भार कोणावर पडला, हें नीट पाहण्यासारखें आहे. कपाटें मुलांच्या हाताला पोंचतील इतकीं ठेंगणीं करावयाचीं, वस्तु जेथल्या तेथें ठेवावयाची, मूल कामांत असतां मध्यें बोलावयाचें नाहीं, तें चुकलें तरी हात आंखडून धरावयाचा व त्याची चूक त्यालाच सांपडूं द्यावयाची, हे सारे नियम शिक्षकासाठीं होते. मुलाच्या वाट्याला मोकळीक आली ती शिक्षकानें स्वतःला बांधून घेतल्यामुळें.

हा विचार पश्चिम हिंदुस्थानांत रुजविला तो एका वकिलानें. गिजुभाई बधेका हे काठेवाडांत वकिली करीत असत. १९१३ सालीं त्यांना मुलगा झाला व त्याच्या शिक्षणाच्या काळजींतून त्यांनीं माँटेसरीबाईंचे विचार अभ्यासिले. पुढें वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ति विद्यार्थी भवनांत दाखल झाले आणि १९२० सालीं त्यांनीं तेथें बालमंदिर सुरू केलें. गुजराथी लोक त्यांना कौतुकानें ‘मिशाळ आई’ म्हणत. माँटेसरीबाईंचा कल्पित गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता. मुलांनीं आधीं प्रत्यक्ष जग ओळखावें, असें त्यांचें मत होतें. गिजुभाईंनीं मात्र गोष्टी, लोकगीतें आणि नाटकें बालमंदिरांत आणलीं. ज्या देशांत आजीच्या मांडीवर गोष्ट ऐकत मूल वाढतें, तेथें शाळेनें गोष्टीला दाराबाहेर ठेवणें त्यांना पटलें नाहीं.

त्यांचें ‘दिवास्वप्न’ हें पुस्तक १९३० नंतर लौकरच प्रसिद्ध झालें. एका सरकारी प्राथमिक शाळेची चौथी इयत्ता एका प्रयोगशील शिक्षकाला वर्षभर मिळते, अशी ती कथा आहे. तीत एक प्रसंग मोठा सच्चा आहे. शिक्षक पहिल्याच दिवशीं मोठ्या उत्साहानें शांततेचा खेळ सुरू करतो आणि त्याची पुरी फजिती होते. मुलें ओरडतात, कोणी जनावरांचे आवाज काढतात, आणि शेवटीं त्याला मुलांना घरीं सोडून द्यावें लागतें. दुसऱ्या दिवशीं तो शहाणा होऊन येतो व गोष्ट सांगावयास लागतो. काल न आवरणारीं तींच मुलें आज जागचीं हालत नाहींत! रोममध्यें साधलेला खेळ येथें जसाच्या तसा साधेना, हें कबूल करण्यांत गिजुभाईंचा मोठेपणा आहे. मुलांच्या अंगीं शिस्त येण्यापूर्वीं त्यांचें मन कशांत आहे, हें शिक्षकाला शिकावें लागलें.

भावनगरच्या या कार्यांत एक मराठी बाई येऊन मिळाल्या. ताराबाई मोडक या माहेरच्या केळकर. त्यांचा जन्म १८९२ सालीं मुंबईस प्रार्थनासमाजी घराण्यांत झाला. १९१४ सालीं त्या बी. ए. झाल्या. पुढें राजकोट येथील स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या मुख्याध्यापिका होत्या. ती मानाची नोकरी सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरांत आल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि ‘शिक्षणपत्रिका’ निघूं लागली. मराठी आईबापांना बालशिक्षणाची पहिली ओळख पुष्कळ अंशीं या पत्रिकेनें करून दिली. १९३६ सालीं ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार काढला. तेथें मध्यम वर्गाचीं मुलें आलीं, शिक्षिका तयार होऊं लागल्या आणि पद्धत स्थिरावली.

येथवर जें झालें तें उत्तम होतें. परंतु तें शहरापुरतें होतें. माँटेसरी साहित्य महाग, शिक्षिका थोड्या आणि फी देणें सुखवस्तू घरांनाच परवडणारें. १९३१ सालीं लंडन येथें गांधीजींनीं माँटेसरीबाईंच्या शिक्षणकेंद्राला भेट दिली, तेव्हां असें शिक्षण केवळ श्रीमंतांच्या मुलांना नव्हे तर दरिद्री मुलांनाही लाभावें, अशी आशा त्यांनीं बोलून दाखविली होती. ती आशा पुरी करावयाची तर पद्धत खेड्यांत नेणें भाग होतें. १९४५ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, ताराबाई दादरचा जम बसलेला संसार मागें ठेवून ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं गेल्या. तेथें आचार्य भिसे यांच्यासारखे लोक आधींपासूनच शिक्षणकार्य करीत होते.

ताराबाईंना तेथें सहकारी मिळाल्या त्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षीं लग्न आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य, असें दुर्दैव त्यांच्या वाट्याला आलें. परंतु त्यांनीं शिक्षण पुरें करून शिक्षिकेचा पेशा धरला. खेड्यांत व पुढें पुण्याच्या हुजूरपागेच्या शाळेंत त्यांनीं अध्यापन केलें. कस्तुरबा स्मारक निधीच्या शिबिराच्या निमित्तानें त्यांची व ताराबाईंची गांठ पडली आणि त्या थोड्या दिवसांसाठीं म्हणून बोर्डीस आल्या. ते थोडे दिवस १९९२ सालीं त्यांच्या निधनापर्यंत लांबले.

तो परिसर साधा नव्हता. वारली व इतर आदिवासी लोक जमीनदारांच्या व जंगल ठेकेदारांच्या वेठीखालीं पिचले होते. त्याच १९४५ सालीं गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठीविरुद्ध मोठा लढा उभारला. ज्यांच्या पाठीवर पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याची छडी होती, त्यांच्या मुलांना शाळा हा शब्द ऐकून आनंद वाटावा, अशी अपेक्षाच चुकीची होती. बालवाडी उघडली आणि मुलें येईनात. आईबाप पहांटे कामावर जात. सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर राखी; तिच्याएवढाच मुलगा गुरें घेऊन रानांत जाई. हीं मुलें आळशी नव्हतीं कीं बेशिस्त नव्हतीं. त्यांच्या अंगावर जितकी जबाबदारी होती तितकी शहरांतल्या मोठ्या माणसांवरही क्वचित् असते. अडचण होती ती एवढीच कीं, त्यांच्या दिवसाचें वेळापत्रक आणि शाळेचें वेळापत्रक यांचा मेळ बसत नव्हता.

अशा वेळीं सरकारी रीतीनें एकच उपाय सुचला असता, तो म्हणजे हजेरीची सक्ती. ताराबाई व अनुताई यांनीं उलट मार्ग धरला. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळेनें मुलांकडे जावें, असें त्यांनीं ठरविलें. पाड्यावरील एखाद्या झोंपडीपुढचें अंगण झाडून तेथेंच मुलें जमवावयाचीं, हीच अंगणवाडी. पहिला पाठ अक्षराचा नसे. मुलांचे हातपाय धुवावयाचे, केंस विंचरावयाचे, नखें कापावयाचीं आणि मग गाणीं व खेळ. शिकलेली बाई आपल्या मुलाचें डोकें धुते, हें अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या आईला दिसे. शाळेविषयींचें भय जावयास त्याहून मोठें व्याख्यान तें कोणतें?

साहित्याचा प्रश्न असाच सुटला. विलायती पद्धतीच्या महाग पेट्यांच्या जागीं खडे, शिंपले, बिया, पानें, काड्या आणि माती आली. खड्यांची चढती उतरती रांग लावतां येते, पानांचे आकार जुळवितां येतात, बियांनीं मोजतां येतें. पुन्हां, ही संपत्ति मुलांनीं स्वतः गोळा केलेली असे. कपाटांतून मिळालेली वस्तु सांभाळण्यापेक्षां आपण वेंचून आणलेला शिंपला मूल अधिक जपतें, हें कोणत्याही आईला ठाऊक आहे. माँटेसरीबाईंनीं काढलेलें तत्त्व तेंच राहिलें. त्याचा वेष मात्र वारली पाड्याचा झाला.

धाकट्या भावंडाला सोडून येतां येत नाहीं म्हणून मुलगी शाळेंत येत नव्हती. तेव्हां शाळेच्या शेजारीं पाळणाघर निघालें. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं एकत्र नांदविणारी ही योजना ‘विकासवाडी’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. आणि गुराख्यांसाठीं निघाली ती कुरणशाळा. सुमारें दहा वर्षांनीं हें सारें केंद्र डहाणू तालुक्यांतील कोसबादच्या टेकडीवर गेलें व तेथें हा प्रयोग विशेष बहरला. गुरें चरत असत, मुलें झाडाखालीं जमत आणि शिक्षक त्यांच्यामध्यें जाऊन बसे. झाड, पाखरूं, ओढा, दगड, हेंच पाठ्यपुस्तक. गुरांवर एक डोळा ठेवून मुलानें गणित करावयाचें आणि गुरूं लांब गेलें तर उठून हांकून आणावयाचें, याला तेथें बेशिस्त म्हणत नसत. गुरें राखणें हें मुलाचें कर्तव्यच होतें, आणि तें ज्या शाळेनें मानलें तिचें म्हणणें मुलानेंही मानलें.

या प्रयोगाविरुद्ध आक्षेप आले नाहींत असें नाहीं. नाचगाण्यांत अभ्यास बुडतो, मुलें मोकाट होतात, पुढें जगांत त्यांना कोण गोंजारणार आहे, असे प्रश्न बालमंदिरांच्या आरंभापासूनच विचारले गेले. यांतील शेवटचा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. त्याचें उत्तर कोणत्याही अंगणांत सांपडतें. आट्यापाट्या किंवा खोखो खेळणारीं मुलें पाहावीं. पाटीची रेघ ओलांडली कीं नाहीं, खो नीट दिला कीं नाहीं, यावर तीं किती काटेकोरपणें वाद घालतात! बाद झालेला मुलगा कुरकुरत कां होईना, पण बाहेर जातो. तेथें पंतोजी नसतो आणि छडीही नसते. नियम मोडला तर खेळच मोडतो, हें प्रत्येकाला कळत असतें, म्हणून नियम टिकतो. खेळांत नियमाचें बंधन जितकें कडक असतें तितकें तें पुष्कळ वर्गांतही नसतें. फरक इतकाच कीं, तें खेळणाऱ्यांनीं आपण होऊन पत्करलेलें असतें.

बोर्डी-कोसबादच्या कार्याचा पुढें गौरव झाला. ताराबाईंना १९६२ सालीं पद्मभूषण व अनुताईंना १९८५ सालीं पद्मश्री मिळाली. ताराबाई १९७३ सालीं वारल्या. दोनच वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशीं सुरू केली आणि तिच्या गांवोगांवच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव मिळालें. एका पाड्यावरील झाडलेल्या अंगणाचा शब्द सर्व देशाच्या कारभारांत गेला. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलाला शारीरिक शिक्षा करणें व त्याचा मानसिक छळ करणें यांस मनाई केली. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन वर्षांपासूनचें शिक्षण खेळांतून व्हावें, असें म्हटलें. फ्रोबेलच्या चेंडूवर बंदी आल्यापासून १६९ वर्षांनीं खेळाला येथें धोरणाच्या पुस्तकांत जागा मिळाली!

तथापि कायद्यानें छडी काढून घेतां येते. तिची जागा कायद्यानें भरतां येत नाहीं. अंगणवाडी म्हटलें कीं बहुतेकांस पोषण आहार आणि लसीकरण आठवतें. तीं कामें अत्यंत मोलाचीं आहेत यांत शंका नाहीं. परंतु त्या शब्दाच्या जन्माच्या वेळीं अंगणांत जें गाणें होतें तें विसरलें जाऊं नये. सुशिक्षित शहरी घरांची अडचण तर आणखी निराळी आहे. तेथें मुलाच्या पाठीवर कोणी छडी मारीत नाहीं. परंतु सकाळची शाळा, दुपारची शिकवणी, सायंकाळचा वर्ग आणि रात्रीं गृहपाठ, अशी मुलाच्या दिवसाची तासातासानें वांटणी झालेली असते, आणि त्या वांटणींत मुलाचा स्वतःचा असा तास उरत नाहीं. निकालावर अनुदान मिळविणाऱ्या त्या जुन्या मास्तराचें भय आज आईबापांच्या मनांत येऊन राहिलें आहे. भय कोणत्याही वाटेनें आलें तरी खेळाला घरांतून घालवितें.

पंतोजीच्या ओसरीपासून कोसबादच्या कुरणापर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. ज्यांनीं ज्यांनीं मुलांची शिस्त सुधारली, त्यांनीं आधीं स्वतःला शिस्त लावून घेतली. माँटेसरीबाईंनीं आपला हात आंखडून धरला. गिजुभाईंनीं पहिल्या दिवसाची फजिती मान्य केली. ताराबाई व अनुताई यांनीं शाळेची घंटा बाजूला ठेवून गुरांच्या वेळापत्रकाप्रमाणें आपला दिवस आंखला. मुलाला घरांतील एखादें खरें काम विश्वासानें सोंपवावें, तें करतांना त्याच्याकडून पाणी सांडलें तर कपाळाला आठी न घालतां फडकें त्याच्या हातीं द्यावें, आणि त्याचा खेळ रंगांत आला असतां आपली हांक क्षणभर गिळावी, एवढें ज्या घरांत मोठ्यांना साधेल, त्या घरांत मुलांच्या शिस्तीची चर्चा फारशी करावी लागणार नाहीं.